किटली पडली त्याची चौकशी

भांडारपाल महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षांत कचेरीची एक टाचणीही इकडची तिकडे झाली नव्हती. ना-हरकत दाखला हातात पडला की ते लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते. नेमक्या त्याच महिन्यात कचेरीला कलात्मक चित्रपट काढायची हुक्की आली.

कल्पना अशी, की माणूस कशाला हात लावणार नाही. वस्तूच वस्तूला ढकलत जाईल. चेंडू खुर्चीवर आपटेल, खुर्ची शिडीवर, शिडी बादलीवर. "यातून व्यवस्थेचं मूलभूत सत्य प्रकट होतं," असं दिग्दर्शकाने सांगितलं. साहेबांना ते कळलं नाही, म्हणून त्यांनी ताबडतोब मंजुरी दिली.

चित्रीकरण बघायला सगळी कचेरी हातातलं काम टाकून जमली; काहींना त्यासाठी आधी काम हातात घ्यावं लागलं. चेंडू सुटला. खुर्ची, शिडी, बादली ठरल्याप्रमाणे पडल्या. पण बादलीने कोपऱ्यातला झाडू पाडला आणि झाडूच्या दांड्याने साहेबांची चिनी मातीची किटली टेबलाच्या काठाकडे सरकवली. भांडारपाल झेपावले.

"ओ काका, हात नका लावू! कलाकृती आहे!" दिग्दर्शक ओरडला.

जन्मभर हुकूम पाळलेला माणूस. हात जागच्या जागी थांबला. किटली फुटली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्याच दिवशी चौकशी समिती बसली. किटली झाडूने पाडली, झाडू बादलीने, असं करत समिती चेंडूपर्यंत पोचली. "मी नुसतं 'सुरू' म्हणालो," दिग्दर्शक म्हणाला. "मी नुसती सही केली," साहेब म्हणाले. सहीच्या वर टिपणी होती: 'साहित्य उपलब्ध आहे.' ती भांडारपालांच्या अक्षरात होती.

"किटली पडताना दिसत होती, मग झेलली का नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"हात लावू नका म्हणाले, साहेब."

"लेखी म्हणाले का?"

दाखला अडकला. "बाबा, खोली तयार आहे, कधी येताय?" लेक फोनवर रोज विचारी, आणि ते रोज 'पुढच्या आठवड्यात' म्हणत.

चित्रपटाला मात्र पारितोषिक मिळालं. परीक्षकांना अर्ध्यात थांबलेला तो म्हातारा हात विशेष भावला.

भांडारपालांनी साक्षीसाठी सगळ्या टेबलांपुढे चपला झिजवल्या. "आम्ही आपले बघत होतो," प्रत्येकजण म्हणाला, आणि यात कोणी खोटं बोलत नव्हतं.

वाचकहो, तुम्हीही इथवर बघतच आलात, मधूनमधून हसलातसुद्धा. तुमचा ना-हरकत दाखला तयार आहे, घेऊन जा.