तात्यांचा गाण्यांचा काटा

उसाचा ट्रॅक्टर लांबून दिसला की दिनकरतात्या उजवा हात वर करतात आणि मी माझी पिठाची गिरणी बंद करते. दळण अर्धं पडलेलं असो, पुढे बायकांची रांग असो, गिरणी बंद. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या डुलवत येतो, त्याच्यावर बसवलेल्या स्पीकरच्या पेट्यांमधून गाणं दणाणत असतं, आणि तात्या माझ्या दारातल्या बाकावर डोळे मिटून ते ऐकतात. ट्रॅक्टर पुलापलीकडे गेला की हात खाली येतो, मग मी पुन्हा बटण दाबते. नव्याने आलेल्या बाईला वाटतं, गिरणी तात्यांचीच असावी. गिरणी माझी आहे आणि रस्ता सरकारचा. त्या रस्त्यावरून जाणारी गाणी तेवढी तात्यांची.

आमचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूला, कारखान्याच्या रस्त्याला लागून. थंडी पडायला लागली की गळीत हंगाम सुरू होतो आणि मग चार-पाच महिने ट्रॅक्टरची रीघ लागते. प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणं हे हवंच. ज्याच्याकडे पेट्या नाहीत त्या ड्रायव्हरकडे बाकीचे जरा दयेनेच बघतात. तात्या या ट्रॅक्टरांवरून गाण्यांचे नंबर काढतात. हंगामात कोणतं गाणं जास्त ट्रॅक्टरांवर वाजतंय, त्यावर पहिला, दुसरा, तिसरा. मुंबई-पुण्याला गाण्यांचे नंबर काढणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आहेत म्हणे. आमच्याकडे तात्या आहेत, आणि त्यांना माझा चहा पुरतो.

हे नंबर ते खडूने माझ्या गिरणीच्या पत्र्याच्या दारावर लिहितात. तिथे वर मी पूर्वीच लिहून ठेवलं होतं, 'ओलं धान्य आणू नये'. एका हंगामात त्याच्या बरोबर खाली तात्यांनी पहिल्या नंबरचं गाणं लिहिलं, 'तुला ब्लॉक केलाय रं'. ज्या बाईची ओली ज्वारी मी आदल्याच दिवशी परत पाठवली होती, तिने ते वाचलं आणि ती महिनाभर दळणाला दुसऱ्या गावाला गेली. मी तात्यांवर पुष्कळ चिडले. त्यांनी शांतपणे सांगितलं, बाई गेली तर परत येईल, नंबर पुसला तर खोटं होईल.

तात्यांची उभी हयात कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. ऊस भरलेली ट्रॉली काट्यावर चढायची आणि तात्या वजन सांगायचे. ओळखीचा असो, पाव्हणा असो, पुढारी असो, जे भरलं ते सांगायचं. त्या नोकरीत त्यांना दोनच शब्द पुरले, 'भरलं' आणि 'तूट'. निवृत्त झाले तरी ते शब्द काही निवृत्त झाले नाहीत. माझ्या हातचा चहा भरला की नाही, गावातल्या लग्नातला नवरदेव भरला की नाही, सभेतल्या भाषणात किती तूट आली, सगळं ते तेवढ्यात सांगून मोकळे होतात. माझ्या मुलीला बघायला आलेल्या एका स्थळाला त्यांनी तोंडावर 'तूट' म्हटलं होतं. मी दोन दिवस बोलले नाही. पुढे त्या मुलाची जी कीर्ती कानावर आली, त्यावरून ते बरोबर होते, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काट्यावर रांगेत थांबलेल्या ट्रॅक्टरांची गाणी ऐकून ऐकूनच त्यांना हा नाद लागला. मोबाईलवरच्या व्ह्यूजवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "मानूस मोबाईल उघडा ठिवून झोपला तरी त्यो व्ह्यू," ते म्हणतात. "ड्रायव्हरच्या डोळ्यांत झोप, मागं लोड, म्होरं खड्डं. त्यो जे गानं लावतो ते गरजंनं लावतो. त्याला खोटं लावून परवडत न्हाई." आणखी एक नियम असा की ड्रायव्हरला अमुक गाणं लाव असं कधी सांगायचं नाही. त्यांच्या लेखी ते वजन वाढवायला काट्यावर पाय ठेवल्यासारखं झालं असतं.

आता हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर निशासाठी. निशा म्हणजे तात्यांची भाची, देवळाली प्रवरेच्या इंदूबाईंची मुलगी. तिचे वडील लवकर गेले. इंदूबाईंनी शिवणकाम करून तिला वाढवलं आणि पुण्याला गाणं शिकायला पाठवलं. आज ती 'मिस निशा' या नावाने गाते. 'तुला ब्लॉक केलाय रं' हे तिचंच. त्या हंगामात हे गाणं नसलेला ट्रॅक्टर शोधावा लागत होता. लग्नाच्या वरातीत ते वाजलं, गणपतीत वाजलं, आमच्या पशुवैद्यांच्या मोबाईलमध्ये वाजलं. पुढच्या हंगामात 'हळदीला ये की' आलं, ते दुसऱ्या नंबरावर राहिलं. त्याच्या पुढच्या हंगामातलं 'लाजते मी सेल्फीला' मात्र कुणी लावेना.

रोज संध्याकाळी तात्या माझ्या बाकावरूनच निशाला फोन करायचे. कान जरा कमी, म्हणून फोनचा आवाज मोठा करून. त्यामुळे इच्छा नसताना, आणि खरं सांगायचं तर असतानाही, मला सगळं ऐकू यायचं. पुण्यात तिची वाहवा करणारे पुष्कळ होते. ती तात्यांच्या फोनची वाट बघायची, कारण तात्या खरं सांगत. दुसरा नंबर असेल तर दुसरा. सेल्फीच्या गाण्याला त्यांनी सरळ सांगून टाकलं, "पोरी, तूट हाय. गानं नाचतंय, पन तुजा जीव त्येच्यात न्हाई." पलीकडे पोर मुसमुसायला लागली. मी खुणा करकरून दमले, की आता तरी दोन गोड शब्द बोला. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, काट्याला मामा-भाची कळत नाही. हा माणूस दगड आहे असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात इंदूबाई वारल्या. तात्या दिवस करून परत आले आणि बाकावर बसले. मी चहा ठेवला. भाऊ-बहीण दोघंच होते.

या हंगामाच्या तोंडावर निशाचं नवं गाणं आलं, 'अर्धी वेणी'. आईवरचं गाणं. ना ढोल, ना डीजे. कंपनीने ते घ्यायला नकार दिला, तेव्हा तिने स्वतःच रेकॉर्ड करून बाहेर काढलं. त्या संध्याकाळी फोनवर ती काय म्हणाली ते मला अजून आठवतं. कंपनीने तिच्यापुढे करार ठेवला होता. पुढची काही वर्षं ते देतील ती दुसऱ्यांची जुनी गाणी नव्या ठेक्यावर गायची, आपलं स्वतःचं काही काढायचं नाही. तिला उत्तर द्यायचं होतं. "मामा, हे गाणं चाललं तर मी सही करणार नाही. नाही चाललं तर मग त्यांचंच खरं. तुझा काटा काय म्हणतो ते सांग. तू खोटं सांगणार नाहीस, म्हणून तुला विचारते."

तात्या फक्त 'बरं' म्हणाले.

मग ट्रॅक्टर सुरू झाले. तात्यांचा हात वर जायचा, गिरणी थांबायची, गाणं यायचं, आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी असायचं. फेट्याचं गाणं, मेव्हणीचं गाणं, भावकीच्या भांडणाचं गाणं. दिवसामागून दिवस गेले. त्यांचा चहा निवून जायला लागला. दारावर त्यांनी नंबर लिहिणंच बंद केलं. संध्याकाळी निशाला सांगायचे, अजून हंगाम कोवळा आहे, थांब. ती थांबत होती, पण कंपनी थांबणार नव्हती. मला रात्री पाठ टेकली की त्या पोरीचा विचार यायचा आणि तात्यांचा रागही यायचा. एखाद्या ड्रायव्हरला लाव म्हणून सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?

ड्रायव्हरांत बबन म्हणून एक आहे, पाथर्डीकडचा. दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळीबरोबर येतो. एकदा तो बाजरी दळायला आला, तेव्हा तात्या जेवायला घरी गेले होते. दळता दळता मी त्याला सगळं सांगून टाकलं. बबन ऐकून घेऊन पीठ उचलून गेला. मला वाटलं गिरणीच्या आवाजात याला काही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बबनचा ट्रॅक्टर आला. पेट्यांमधून निशाचा आवाज आला, "अर्धी वेणी घालून आई, कुठं गं गेलीस". मी बटणावर हात ठेवून उभीच राहिले. मागून दुसरा आला, त्याच्यावरही तेच. संध्याकाळपर्यंत बहुतेक ट्रॅक्टरांवर तेच. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. दळणाच्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. तात्या नेहमीसारखे डोळे मिटून बसलेले. चेहऱ्यावरून काही कळेना, पण चौथ्या संध्याकाळी त्यांनी फोन लावला आणि म्हणाले, "निशा, भरलं. पयला नंबर."  पलीकडून ती रडत-हसत म्हणाली की ती सही करत नाही, आणि आईवरचंच दुसरं एक गाणं तिच्या डोक्यात आहे ते आता ती काढणार.

मला आनंदाने चहाला साखर जास्त पडली. पण तो आनंद फार टिकला नाही. दोन दिवसांनी मी पुलापलीकडे नातेवाइकांकडे निघाले होते, तर बबनचा ट्रॅक्टर पूल ओलांडून माझ्या शेजारून गेला. त्याच्यावर मेव्हणीचं गाणं चाललं होतं. मी त्याला थांबवलं. बबन खाली बघत म्हणाला, "ताई, तात्यांनी काट्यावर आमचं वजान कंदी मारलं न्हाई. आमी समद्यांनी ठरवलं, गिरनीपशी तेवढं पोरीचं गानं लावायचं. पूल आला की बदलायचं. आता ह्ये तात्यांना सांगू नका."

मी घरी परतले ते डोकं जड करून. ज्या माणसाने जन्मभर काट्याला हात लावू दिला नाही, त्याच्याच काट्यावर सगळ्यांनी मिळून पाय ठेवला होता, आणि याला सुरुवात माझ्या तोंडाने झाली होती. एका पोरीने त्या आकड्यावर आयुष्याचा निर्णय घेतला होता. सांगावं तर दोघांचं मन मोडणार, न सांगावं तर मला भाकर गोड लागेना. सकाळी तात्या बाकावर येऊन बसले, तेव्हा मी गिरणी लावलीच नाही. समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, तात्या, तुम्हाला एक सांगायचंय, त्या गाण्याचं.

त्यांनी मला बोलू दिलं नाही. "सुमनबाई, रस्त्यावरनं जानारं गानं कवा मधनंच ऐकू येतं, कवा सरता सरता. ह्ये समदे ट्रॅक्टर हितं आले की गानं पयल्या वळीपासनं सुरू. पयल्या दिवशीच कळलं मला."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. विचारलं, कळलं होतं तर मग पोरीला पहिला नंबर का सांगितला?

 रस्त्याकडे बघत तात्या म्हणाले, "इंदू हुती तवर मला खरं बोलायची सोय हुती. मी तूट सांगायचो. आन् फोन ठिवला की इंदू पोरीला म्हनायची, मामाचं ऐकू नगं, तुजंच गानं पयलं. परत्येक गान्याला म्हनायची. पोर मला विचारायची, पन उभी ऱ्हायची ती आईच्या बोलन्यावर. आता इंदू न्हाई. मग ते कुनी म्हनायचं?"

ह्या माणसाला मी दगड म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि ती पुसायची मला लाज वाटली नाही.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. गाणं त्यात होतं, निशानेच पाठवलेलं. त्यांनी ते कधी उघडलं नव्हतं. ट्रॅक्टरवरून दोन ओळी ऐकल्या होत्या तेवढ्याच, त्याच्या पुढे ऐकायचा त्यांना धीर होत नव्हता. म्हणाले, तुम्ही बसा शेजारी, आणि शेवटपर्यंत लावा.

मी गाणं लावलं. एव्हाना दळणाच्या बायका डबे घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबे खाली ठेवले आणि आमच्या मागे उभ्या राहून त्याही ऐकू लागल्या. गाणं संपलं. तात्यांनी ते भरलं की नाही, काहीच सांगितलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, इंदूचे केस फार लांब होते.