थावरा गायला आणि बैल सुटले

थावरा राठोडवर अन्याय झाला तो १९६१ सालच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजता, मारेगावजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत. भर मंडपात त्याला अर्ध्या गाण्यावरून खाली उतरवलं. नवं राज्य होऊन वर्षही उलटलं नव्हतं, आणि माणसाला गायची बंदी! मी त्याच संध्याकाळी गुलाबी कागदावर पत्रक काढलं.

थावरा तांड्यातला. पूर्वी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवायचा. गुडघा मोडला तसा छकडा सुटला, आणि गडी गाणी रचू लागला. तीही पटाचीच: धुरळा, झेंडी, कोणत्या बैलानं कोणाला मागं टाकलं. गाताना हातात कासरा हवाच. त्याशिवाय आवाज फुटत नसे. दुसऱ्या कडव्यापासून तो पुढे वाकायचा, मान वळवून मागे बघायचा आणि ढोलकीच्या आधी गाणं संपवून मोकळा व्हायचा.

"थावऱ्या, गाणं हाय हे, पट नाही!" ढोलकीवाला सदाशिव करवादायचा.

"मंग तू काहून हरून राह्यला?"

गाण्याच्या मध्यावर तो पटातली हाळी द्यायचा, "हुर्र्र्र हा!" त्या दिवशी समितीनं नवा कर्णा लावला होता. मंडपाशेजारीच शेवटच्या फेरीच्या दोन जोड्या झेंडीची वाट पाहत उभ्या. हाकणारे दोघे कासरे सोडून पान लावत बसलेले. थावराची हाळी कर्ण्यातून गेली, आणि चारी बैलांनी रिकाम्या छकड्यांसकट धूम ठोकली. एक जोडी पाटलांच्या तुरीत, दुसरी पाहुण्यांच्या चहात.

समितीचे अध्यक्ष वकील. ते कपबशीसकट उभे राहिले. "याचं गाणं बंद! कायमचं!"

"माह्यं काय चुकलं, वकीलसाहेब? बैलायले समजलं गाणं. तुमाले काहून नाही समजलं?"

पान लावत बसलेल्यांना कोणी चकार शब्द बोललं नाही, हे मी पत्रकात ठळक टाइपात छापलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकावर थावराचा अंगठा घ्यायला तांड्यावर गेलो. गोठ्याकडून तेच गाणं येत होतं, पण इतकं संथ की आधी ओळखूच आलं नाही. एक म्हातारा पांढरा बैल तीन पायांवर भार देत चालत होता. बाजूनं थावरा, तोही लंगडत. कासरा सैल. एका पावलाला एक शब्द. पुढे जायची घाई दोघांनाही नव्हती.

"हा पाखऱ्या," थावरा म्हणाला. "पटात पडला. अंगावरून दुसरा छकडा जाईन म्हून मी मधात उडी टाकली."

गुडघा असा गेला होता तर! गावात सगळे सांगत, दारूच्या नशेत पडला. मीही तेच ऐकून होतो, आणि कधी विचारलं नव्हतं.

"मंग जत्रेत गायचा हट्ट कायले, थावरादादा?"

"जत्रेचा गलका कानावर आला का हा खुंटा उपटते. पळाले पाह्यते, अन् पडते. म्हून मंडपामांगंच बांधतो याले, अन् पुढून गातो. आवाज आयकला का उभा राह्यते मुकाट." त्यानं बैलाच्या मानेवर हात ठेवला. "मार भिया हाय तो. माहा भाऊ. लय दिवस नाही राह्यले आता त्याचे."

मी पत्रक पुढे केलं. त्यात समितीच्या राजीनाम्यापासून जाहीर माफीपर्यंत अकरा मागण्या होत्या. थावरानं सगळ्या ऐकून घेतल्या.

"इतकं कायले, बापू? मले एक गाणं पाहिजे. हाळी नाही देत, जाय."

बाकीच्या दहा मागण्या मी तिथेच खोडल्या.

वाचकहो, वर्ष सरलं, बंदी तशीच आहे, आणि पुन्हा संक्रांत तोंडावर आली आहे. जत्रेच्या मंडपात बसाल तेव्हा थावराचं गाणं मागा, आणि वकिलांना ऐकू जाईल असं मागा. हाळीसकट मागा. फक्त येण्याआधी आपापले बैल पक्के बांधा.