पडण्याची प्रात्यक्षिक परीक्षा

"जिथे पडायचे मार्क मिळतात, तिथे पडलेल्याला उचलणार कोण गं?" असं सासूबाईंनी मला प्रवेश घेतानाच विचारलं होतं. मी हसून म्हटलं, "आई, ते पडणं वेगळं. शास्त्रशुद्ध असतं ते." त्यांनी माझ्या लेकीला कडेवर घेतलं आणि "बरं बाई, शीक," म्हणाल्या. आमच्या घरात शिकलेल्या सुनेशी वाद घालायची पद्धत नाही. तिला तोंडघशी पडू देतात.

बाळंतपणात अर्धवट राहिलेलं पदव्युत्तर शिक्षण मी पूर्ण करायला घेतलं होतं. विषय, प्रगत समकालीन नृत्यतंत्र. प्रगत म्हणजे ज्यात नाचायचं नसतं. नाच पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी. आम्ही वरच्या मजल्यावरच्या लाकडी जमिनीच्या हॉलमध्ये, आरशांवर पडदे ओढून, गुडघ्यांना पट्टे बांधून 'जमिनीला वजन देत' असू. म्हणजे आडव्या होत असू. माझी लेक हेच तंत्र भर रस्त्यात कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय सादर करते. पण तिच्या पडण्यामागे हट्ट असतो, आणि विभागाच्या मते हट्ट हा हेतू झाला. हेतू दिसला की मार्क कापले.

"पडू नका," विभागप्रमुख मॅडम सांगत. "पडणं तुमच्यातून घडू द्या." सगळ्याजणी माना डोलवत. मीही डोलवत असे. समजलं नाही म्हणायला जास्त शिक्षण लागतं.

वर्गातल्या सगळ्यात बारीक मुलीला सगळे काडी म्हणत, आणि तिला ते कौतुक वाटे. "शरीर हलकं ठेवा," असं मॅडम बोलल्यापासून ती जेवण सोडून बाकी सगळं वेळच्या वेळी करत होती. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत तिने माझा दंड धरला. हात तव्यासारखा तापलेला.

"ताई, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"अगं मग मॅडमना सांग ना! पुढची तारीख देतील."

ती गेली आणि लगेच परत आली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, फार छान. तेच वापर."

परीक्षेचा नियम साधा होता. विद्यार्थिनी स्वतः उठून मंचाबाहेर जाईपर्यंत सादरीकरण चालू आहे असं समजण्यात येईल, आणि तोवर अन्य कोणीही आत पाऊल टाकणार नाही. काडी मध्यभागी आली, हात वर नेला, आणि कापलेल्या दोरीसारखी खाली आली. डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

बाह्य परीक्षकांनी चष्मा काढला. "वा," ते पुटपुटले.

काडी हलेना. मी उठू लागले तसं शेजारी बसलेल्या संशोधक दादाने माझी ओढणी धरली. हा दादा गेली कित्येक वर्षं 'स्थिरतेतील गती' या विषयावर संशोधन करत एकाच जागी बसलेला आहे. "ताई, ऊर्जा तुटेल!"

"अरे, ती शुद्धीवर नाहीये!"

"एक्झॅक्टली," तो म्हणाला.

मी परीक्षकांकडे गेले. "सर, ही अभिनय करत नाहीये."

"लवलेशही नाही," ते भारावून म्हणाले.

"अहो सर, ती खरंच पडलीय!"

त्यांनी मॅडमकडे वळून पाहिलं. "तुमच्या विद्यार्थिनींची जाण काय आहे हो! आमच्याकडे हे समजेपर्यंत प्राध्यापक निवृत्त होतात." मॅडमनी नम्रपणे मान झुकवली आणि मला डोळ्यांनीच जागेवर बसवलं.

काडी बाहेर येत नव्हती, तेव्हा पुढची परीक्षा थांबायला हवी होती. पण वेळापत्रक हे वेळापत्रक. पुढची मुलगी हुशार होती. मार्क कुठल्या दिशेला वाहतायत ते तिने ओळखलं, आत गेली आणि काडीशेजारी धाडकन पडली. तिसरी त्यांच्यावर पडली. चौथीने पडताना मुद्दाम आवाज केला, म्हणून तिचे मार्क गेले. बघता बघता सगळी तुकडी आडवी झाली आणि कोण कुठल्या कारणाने आडवं आहे, हे सांगणं अवघड होऊन बसलं.

मी धावत जाऊन विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या सिस्टरना घेऊन आले. त्या दारातच थबकल्या.

"यातली आजारी कोणती?"

"सगळ्याच," संशोधक दादा म्हणाला. "तोच तर विषय आहे."

सिस्टर म्हणाल्या, "परीक्षा चालू असताना हात लावला तर उद्या माझ्यावर शेकेल. संपली की बोलवा." परीक्षा काडी उठल्याशिवाय संपणार नव्हती, आणि काडीला हात लावल्याशिवाय ती उठणार नव्हती. कारभार इतका चोख होता की कुठेही फट नव्हती.

लेक झोपेत जरा जास्त वेळ गप्प राहिली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. घरात यावरून माझी पुरेशी टिंगल झालेली आहे. मी चपला काढल्या, पोरींना ओलांडत आत गेले आणि काडीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता, पण जेमतेम. केसांखाली ओलसर लागलं. मी तिला लेकीसारखी खांद्यावर टाकली. वजन म्हणून असं नव्हतंच. सबंध वर्षभर हिने जमिनीला काय दिलं, कोण जाणे.

मागून टाळ्या पडल्या. मग परीक्षकांचा आवाज आला, "शेवट जरा भावनाप्रधान झाला, नाही?"

हॉस्पिटलात डोक्याला टाके पडले, हाताला सलाईन लागलं. संध्याकाळी काडीने डोळे उघडले. ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला.

"ताई, मार्क किती?"

निकाल रीतसर लागला. काडी नापास, कारण ती स्वतः उठून बाहेर आली नाही. मी नापास, आणि दुसऱ्याच्या सादरीकरणात अनधिकृत प्रवेश केल्याबद्दल हॉलमध्ये येण्यास मनाई. मात्र ते पडणं विभागाला इतकं आवडलं, की यंदा ते 'निश्चेष्ट पतन' या नावाने अभ्यासक्रमात घेतलंय. सक्तीचा विषय आहे.

आज नव्या तुकडीची परीक्षा होती. मी जिन्यातून दाराच्या काचेतून पाहत होते. एक मुलगी पडलेली. पाय आतल्या बाजूला दुमडलेला, डोळे अर्धे उघडे. बाकीच्या मुली पडताना डोळे मिटून घेतात, तसं शिकवलेलंच असतं. मी दार बडवलं तेव्हा शिपायाने मला खाली आणून सोडलं. "मॅडम, तुम्हीच का ते मागच्या वेळचं प्रकरण?" एवढंच विचारलं त्याने. सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, संपली की बोलवा.

म्हणून समोरच्या बाकावर बसून हे लिहून तुमच्याकडे पाठवते आहे. तुमच्या नावावर मनाई नाही. प्रेक्षकांना प्रवेश खुला आहे, उलट जाणकार प्रेक्षक हवेच आहेत त्यांना. आणि तुम्ही जाणकार आहातच. काडी पडली तेव्हा तुम्ही हसलात, परीक्षकांच्या वाक्याला मनातल्या मनात दाद दिलीत, आणि अजूनही बसूनच आहात. 'व्यंग बरं साधलंय,' असं वाटत असेल, तर असला अभिप्राय मी त्या हॉलमध्ये ऐकून आले आहे.

उठा आता. वरचा मजला, डावीकडचं दार. ती हलते का, तेवढं बघून या.