रघूने धरलेली जागा

लालबागच्या त्या चाळीत जागा धरावी तर रघू परबाने, हे शेंबडं पोरसुद्धा सांगत असे. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी रांगेत पहिली बादली रघूची. गणपतीतल्या नाटकाला अगदी पुढे अंथरलेली सतरंजी रघूची. आणि सकाळची ती दुसरी रांग, जिथे हातात टमरेल घेऊन माणूस फार वेळ सभ्य राहू शकत नाही, तिथेही रघूचं टमरेल आधी जाऊन बसायचं आणि रघू मागाहून चहा पिऊन सावकाश यायचा. चाळीचा कायदा साधा होता. जिथे तुमची वस्तू, तिथे तुमची जागा. तो मोडायची दुसऱ्या मजल्यावर कुणाची छाती नव्हती.

तेव्हा सत्तावन्न सालच्या संक्रांतीला रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, तसं रघूने गॅलरीत उभं राहून जाहीर केलं, "या वेळी धर्मशाळा बंद. डोंगरात तंबू ठोकून राहायचं. जागा मी निवडतो."

शेजारच्या खोलीतले तात्या राणे हे मजल्याचे पुढारी. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चात चाळीचा फलक धरून सगळ्यांत पुढे चालायचे ते. दरवर्षी सहलही तेच न्यायचे, एका ठरलेल्या धर्मशाळेत, जिथले ढेकूण आता त्यांना ओळखू लागले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आणि सकाळचा काय रे? टमरेल घेऊन खंय जायचा?"

"तात्या, अख्खा डोंगर पडलाय. तिथे रांग कसली लागतेय?"

गॅलरी हसली. रघूचं धरून पाच बिऱ्हाडांनी तिथल्या तिथे नावं दिली.

खरं कारण मात्र रघूने गॅलरीत सांगितलं नाही. त्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. खोलीत तो, मालन, म्हातारी आई, दोन धाकटे भाऊ आणि गावाहून आलेले चार जण. पलीकडे तात्यांची खोली, मध्ये एक लाकडी फळ्यांची भिंत. गेल्या दिवाळीत मालन त्याच्या कानात कुजबुजली होती, "यंदा पिवळं लुगडं घेऊ का हिरवं?" आणि दुसऱ्या दिवशी नळावर तात्यांच्या राधाबाई तिला म्हणाल्या होत्या, "हिरवंच घे गो. पिवळा तुका शोभत नाय." त्या दिवसापासून मालन रात्री बोलायचीच बंद झाली. रघूला हे फार लागलं होतं. गिरणीत साच्यावर उभा असतानाही ते त्याच्या डोक्यातून जात नसे. त्याने तिला शब्द दिला होता, "एक रात्र अशी दाखवीन की तू बोलशील ते फक्त मी ऐकीन."

तंबूंसाठी कापड हवं होतं. ते तात्यांच्याच पोटमाळ्यावर निघालं. मोर्चातला जुना लांबलचक फलक, जाड मांजरपाटावर पुरुषभर लाल अक्षरं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

"नेतंस तर ने," तात्या म्हणाले, "पण अक्षराला कात्री लागली तर तुझा नि माझा संबंध संपला. शब्दा-शब्दांच्या मधे काप, आणि परत आणून शिवून दे."

पाच शब्द, पाच तंबू. चार तंबू चार बिऱ्हाडांना, आणि पाचवा फक्त रघू-मालनला, कारण आई भावांच्या जेवणखाणासाठी घरीच राहणार होती. रघूला हा हिशेब इतका आवडला की तो दोन दिवस स्वतःशीच हसत होता.

पंधरा दिवस आधी एका रविवारी रघू धोंडूला घेऊन जागा निवडायला निघाला. धोंडू तळमजल्यावरचा सुतार, हातोडी आणि फूटपट्टी घेतल्याशिवाय दुकानातून विडीही आणायचा नाही. कर्जतला उतरून एस. टी. धरली आणि पायथ्याच्या करवंदवाडीला ते पोचले. मग रघूने डोंगराची अशी काही पाहणी केली की जणू तो खोली भाड्याने घेत होता. ओढ्याकाठी गेला, ओंजळभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "चोवीस तास नळ." आंब्याखाली गेला, चारी दिशांना तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "हवा खेळती आहे." एका उतारावर आडवा पडून पाहिलं आणि रक्त डोक्यात उतरल्यावर ती जागा नापास केली. शेवटी सगळ्यांपासून लांब, करवंदीच्या जाळीआड, वर एक टेप, म्हणजे लहानसं टेकाड, सापडलं. खाली सगळं खोरं दिसत होतं आणि शेजार म्हणून एक होला पक्षी होता.

"ही कोणाक?" धोंडूने विचारलं.

"ही पाचव्या तंबूची," रघू म्हणाला आणि विषय बदलला.

आता जागा निवडली म्हणजे ती धरायला हवी. लालबागचा माणूस जागा नुसती बघून परत येत नाही. शिवाय शहाणा माणूस एक धरत नाही, दोन-तीन धरतो. धोंडूने दोरीने मापं घेतली, मोठ्याने आकडे सांगितले, आणि ओढ्याकाठी, आंब्याखाली व टेपावर मिळून बारा खुंट्या ठोकल्या. प्रत्येकीला रघूने मालनच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधली.

ओढ्यावरून एक म्हातारी गुरं घेऊन चालली होती. ती थांबली.

"काय करतायसा?"

"जागा धरून ठेवतोय आजी," रघू ऐटीत म्हणाला. "पंधरा दिवसांनी मुंबईहून माणसं येणार."

आणि धोंडूकडे वळून, बायकांच्या भांडी घासण्याची सोय डोक्यात ठेवून, तो पुढे म्हणाला, "इथे पाणी अडवलं की झालं काम. बाकी सगळं आपोआप पाण्यापाशी येईल."

म्हातारी गुरं तिथेच सोडून गावाकडे पळाली. "गावात बातमी द्यायला गेली बघ," रघू खुशीत म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, दुपारच्या एस. टी.तून पाच बिऱ्हाडांची बावीस माणसं, स्टोव्ह, पातेली, तिळगुळाचे डबे आणि तंबूंचं गाठोडं उतरलं, तेव्हा अख्खी करवंदवाडी रस्त्यावर उभी होती.

"बघा स्वागत," रघू मागे वळून म्हणाला.

पुढे पाटील होते. त्यांच्या हातात लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्यांची मोळी होती.

"ह्या खुंट्या कुनाच्या?"

"आमच्या," रघू छाती काढून म्हणाला. "कुणी उपटल्या?"

एवढं बोलायची खोटी, बायका रस्त्यात बसल्या. पाच-पंचवीस काठ्या पुढे आल्या. पाटलांनी आवाज चढवला नाही. "पल्याडच्या खोऱ्यात बी अशाच खुंट्या मारल्या सरकारनं. वर्साच्या आत बांध घालायचा हुकूम आला. आमची भातं त्या पान्याखाली जाऊ द्यायची न्हाईत आमाला. मोजनीदार, आलात तसे जा."

म्हातारीने पुढे येऊन साक्ष दिली. "ह्योच. पानी अडवायचं ह्योच बोलला. आनि त्यो पट्टीवाला आकडे सांगत हुता."

धोंडूने फूटपट्टी पाठीमागे लपवली. त्याने संशय दुप्पट झाला.

"अहो, आम्ही सरकारचे नव्हे," रघू कळवळून म्हणाला. "आम्ही गिरणीतले. दोन दिवस तंबूत राहायला आलोय."

"घरं सोडून फडक्यात ऱ्हायाला?" पाटलांनी विचारलं. "कशापायी?"

या प्रश्नाला रघूकडे एकच खरं उत्तर होतं, आणि ते बावीस माणसांसमोर आणि राधाबाईंसमोर सांगण्यासारखं नव्हतं. त्याने मालनकडे पाहिलं. ती खाली मान घालून उभी होती. आता पुढची एस. टी. पकडून परत जायचं, आणि त्या फळ्यांच्या भिंतीशेजारी पुन्हा मुकाट झोपायचं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं त्याला दिसलं.

"दाखव रे धोंडू, तंबू दाखव त्यांना," तो म्हणाला.

धोंडूने घाईघाईने गाठोडं सोडलं आणि वरचे दोन तंबू रस्त्यावर पसरले. पाटील चौथी शिकलेले. त्यांनी खाली वाकून मोठ्याने वाचलं.

"झालाच. पाहिजे."

"ऐका," पाटील गावाकडे वळून म्हणाले. "बांध झालाच पाहिजे म्हनत्यात. लिवूनच आनलंय."

काठ्या उठल्या. तात्या मात्र त्याच क्षणी मोर्चातले तात्या झाले. त्यांनी चष्मा नाकावर घेतला, दोन्ही हात वर केले आणि गावाच्या पार टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाववाल्यांनू, अजून तीन शब्द आसत! पुरा वाचल्याबिगर काठी उगारू नका."

धोंडूने उरलेले तंबू पसरले. घाबरून त्याने आधी 'महाराष्ट्र मुंबईसह संयुक्त झालाच पाहिजे' केलं, मग तात्यांनी ओरडल्यावर पायाने सरकवून बरोबर लावलं. पाटलांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ही घोषणा त्यांच्या गावचीही होती. त्यांनी खुंट्यांची मोळी बाजूच्याच्या हातात दिली आणि रघूला कडकडून मिठी मारली.

"आरं, मंग हे आदी सांगाया नको?"

त्यानंतर जे झालं ते चाळीत अजून सांगतात. रस्त्यात बसलेल्या बायका उठल्या आणि मालनला, राधाबाईंना ओवाळायला लागल्या. पाटलांनी गावाशेजारचं आपलं खळं झाडून, सारवून दिलं. तिथे ओढा शंभर पावलांवर होता, डोक्यावर चिंच होती आणि जमीन टेबलासारखी सपाट. भाकऱ्या आल्या, पावट्याची आमटी आली. पंचक्रोशीतून माणसं येऊ लागली, कारण मुंबईहून समितीची माणसं आपणहून खुंट्या मारून सभेची जागा धरून गेली होती, अशी बातमी आता त्याच म्हातारीने सगळीकडे पोचवली होती. रघूच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. तात्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं, "जागा बाकी झकास धरलंस, झिला." सात वर्षांत तात्यांनी कुणाचं कौतुक केलेलं नव्हतं.

एकच अडचण झाली. पाटलांचं म्हणणं पडलं की तंबू एका ओळीत, एकाला एक चिकटून लागले पाहिजेत. नाहीतर वाचणार कसं?

"आमचा एक तंबू जरा वर टेपावर लावतो," रघू चाचरत म्हणाला. "झालाच वाला. लांबून दिसेल."

"आनि खाली काय ऱ्हाईल?" पाटलांनी विचारलं. "संयुक्त महाराष्ट्र पाहिजे. नुसतं पाहिजे म्हनून कोन देतंय राव? झालाच मधी हवंच."

"शंभर टक्के," तात्या म्हणाले.

आता या कामासाठी पोलिसांचा मार खाल्लेल्या तात्यांसमोर रघू काय बोलणार? त्याने स्वतःच्या हाताने आपला तंबू 'महाराष्ट्र' आणि 'पाहिजे' यांच्यामध्ये ठोकला. 'पाहिजे'मध्ये तात्या आणि राधाबाई होत्या. सभा दणदणीत झाली. रघूला चार शब्द बोलायला लावलं आणि त्या चार शब्दांना इतक्या टाळ्या पडल्या की त्याला स्वतःलाच आपण फार मोठे आहोत असं वाटू लागलं. मग सगळे आपापल्या शब्दात शिरले. मालन हळूच म्हणाली, "थंडी वाजते नाही?" आणि कापडापलीकडून राधाबाई म्हणाल्या, "माझा घोंगडा देऊ काय गो?"

रघूने डोळे मिटून घेतले. गळ्यातली माळ काढून त्याने उशाशी ठेवली. त्याला रडू येईल असं वाटत होतं.

उजाडता उजाडता कुणीतरी त्याचं मनगट धरून ओढलं. मालन होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला बाहेर काढलं. दवातून ती पुढे आणि तो मागे, असे दोघं करवंदीच्या जाळीला वळसा घालून टेपावर आले. तिथे एक खुंटी अजून उभी होती. तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी वाऱ्यावर फडफडत होती.

"ही माझी होती ना जागा?" मालन म्हणाली.

"होती," रघू म्हणाला. "मी दिलेला शब्द पाळता आला नाही."

"रात्र नाही तर नाही. सकाळ आहे ना." ती खाली खोऱ्याकडे बघत राहिली. धुकं हळूहळू वर येत होतं. मग तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तीन वर्षांत एकदाही न घेतलेलं त्याचं नाव सरळ उच्चारलं. "रघुनाथ." ऐकून तिला स्वतःलाच हसू फुटलं. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तर तिने तोंडाशी हात धरून हाकच मारली, आणि समोरच्या कड्याने ती जशीच्या तशी परत दिली. रघू आयुष्यात इतका खूश कधी झाला नव्हता. काल गळ्यात पडलेली माळ त्याला आता काहीच वाटेना.

"कोण रे ता रघूक हाक मारता?"

जाळीमागून तात्या बाहेर आले. हातात टमरेल होतं. त्यांच्यामागे सहलीला आलेले सगळे पुरुष, खोल्यांच्या क्रमाने, एकामागे एक, टमरेलं घेऊन उभे होते.

"पाटील म्हणाले, लाल चिंधीच्या खुंटीपाशी जावा, आडोसो बरो आसा," तात्या म्हणाले. मालनला पाहून ते ओशाळले, पण फार वेळ ओशाळायची त्यांची परिस्थिती नव्हती. "रघू, पयलो नंबर तुझो काय?"

मालनने पदर तोंडात कोंबला. रघूने खुंटीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि अदबीने बाजूला झाला.

"नाही तात्या. तुम्ही व्हा पुढे. मी फक्त जागा धरून ठेवली होती."