पुढच्या खुर्चीला गुडघा

ऐतिहासिक वास्तू पाहण्यापूर्वी ती पाहिल्याचं जाहीर करू नये, असा नियम कुठेही नाही. त्यामुळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या, मूळ पुण्याच्या आणि तूर्त आयर्लंडातल्या लिक्सलिप गावी जावयाकडे राहणाऱ्या चंद्रहासरावांनी आपल्या 'गंधार रसिक मंडळा'च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोमवारी सकाळी एक घोषणा केली, तेव्हा त्यांच्या हातून काहीही बेकायदा घडलं नव्हतं. 'युरोपातील एका ऑपेरा हाऊसच्या अंतरंगात' या विषयावर ते रविवारी झूमवर बोलणार होते. ऑपेरा हाऊस पाहायला ते गुरुवारी जाणार होते.

घाई समजण्यासारखी होती. चंद्रहासराव आणि सुहासिनीबाई तीन महिन्यांसाठी म्हणून २०२०च्या फेब्रुवारीत आले, आणि त्यांच्या पाठोपाठ जगाचं दार बंद झालं. आता २०२१चा जुलै चालू होता. टाळेबंदीच्या नियमात बसणाऱ्या, घरापासून पाच किलोमीटरच्या आत जेवढा युरोप येतो, तेवढा त्यांनी पाहिला होता. त्यात एक कालवा, एक सुपरमार्केट आणि जावई विनय ज्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात काम करतो त्याचं कुंपण, एवढा ऐवज होता. पाटबंधारे खात्याच्या माणसानं युरोपात येऊन कालवा पाहिला, हे पुण्यात सांगण्यासारखं नव्हतं.

त्यातून मंडळात प्रल्हादराव होते. ते काही वर्षांपूर्वी एका ट्रॅव्हल कंपनीबरोबर व्हिएन्नाला जाऊन आले होते आणि तेव्हापासून मंडळात ऑपेराविषयी शेवटचा शब्द त्यांचा असे. कुणी नाट्यपद म्हटलं की ते डोळे मिटून म्हणत, "छान. पण व्हिएन्नाला हाच भाव ते पोटातून काढतात." चंद्रहासरावांच्या घोषणेखाली त्यांनी हात जोडल्याची खूण टाकून विचारलं होतं, "आतून पाहणार ना? की बाहेरून? बाहेरून काय, कुणीही पाहतं."

झालं. आता प्रश्न फक्त एका शब्दाचा उरला, 'आतून'.

संधी सुहासिनीबाईंच्या दंडामुळे आधीच चालून आली होती. त्यांच्या लशीचा दुसरा डोस राहिला होता. जवळच्या टॅला गावच्या केंद्रात जागा नव्हती, म्हणून आरोग्य खात्यानं त्यांना दोन तासांवरच्या किलब्रॅक गावचं केंद्र दिलं. किलब्रॅकचं केंद्र तिथल्या दीडशे वर्षं जुन्या ऑपेरा हाऊसमध्ये होतं. प्रयोग बंद, इमारत मोठी, खुर्च्या तयार. सरकारला आणखी काय लागतं?

"आई, बाबा, ग्रँड झालं की!" विनय म्हणाला. "डोसही होईल आणि आउटिंगपण."

"हिचा डोस," चंद्रहासराव गंभीरपणे म्हणाले, "माझा अभ्यासदौरा."

गुरुवारी विनयनं दोघांना किलब्रॅकच्या चौकात सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. दारावर पिवळं जाकीट घातलेल्या बाई होत्या. त्यांनी सुहासिनीबाईंना "या" म्हटलं आणि चंद्रहासरावांना "आपण?" असं विचारलं.

"मी यांचा नवरा."

"लस घ्यायचीय?"

"माझे दोन्ही डोस झालेत," चंद्रहासराव अभिमानानं म्हणाले. वयानं मोठे असल्यामुळे त्यांचा नंबर आधी लागला होता, आणि तो त्यांनी एक दिवसही वाया न घालवता लावून घेतला होता.

"अभिनंदन. मग आत आपलं काही काम नाही."

"पण ज्याला लस मिळालेली नाही तो आत जाऊ शकतो, आणि मी पूर्ण सुरक्षित माणूस बाहेर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांना त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. "सोबतीला फक्त अशक्त व्यक्तीबरोबर जाता येतं."

चंद्रहासरावांनी पत्नीला खांबाआड घेतलं.

"अगं, जरा लंगड."

"काय?"

"चार पावलं. आत गेलं की सरळ चाल."

"अहो, रोज पर्वती चढत होते मी! इथे येऊन लंगडू? तेही परक्या लोकांत?"

"माझ्या रविवारचा प्रश्न आहे, सुहासिनी."

"मग तुम्ही लंगडा," असं म्हणून सुहासिनीबाई ताठ मानेनं आत गेल्या. ज्यांना ऑपेराशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांच्यासाठी ऑपेरा हाऊसचं दार उघडलं आणि बंद झालं.

तेवढ्यात चंद्रहासरावांना फुटपाथवर एक फलक दिसला. 'ऑपेरा हाऊसची मार्गदर्शित सहल. नियमांनुसार संपूर्णपणे बाहेरून.'

मार्गदर्शकाचं नाव कीरन. तो पर्यटकांना दोन दोन मीटरवर उभं करून भिंतीकडे बोट दाखवत होता. "या भिंतीच्या पलीकडे संगमरवरी जिना आहे. आपण आता तो चढतो आहोत." पर्यटकांनी माना वर केल्या. एका जर्मन बाईंनी खरोखरच गुडघा उचलला. "डावीकडे, म्हणजे तो ड्रेनेजचा पाइप आहे तिथे, लाटसाहेबांचा सज्जा. आणि आता वर पाहा, झुंबर." सगळ्यांनी आयर्लंडचं ढगाळ आकाश पाहिलं. दोघांनी फोटोही काढला.

"मला प्रत्यक्ष आत जायचंय," चंद्रहासराव म्हणाले.

"सहल आतच चालली आहे, सर," कीरन किंचित दुखावून म्हणाला. "आपण कृपया जिन्यावरून खाली येऊ नका."

आता एकच मार्ग उरला होता, आणि तो पत्नीनंच सुचवला होता. अशक्तांना आत नेतात ना? चंद्रहासरावांनी कपाळाला हात लावला, "अरे देवा" म्हटलं आणि जिथे लाटसाहेबांचा सज्जा होता तिथे, पाइपला टेकून, हळूहळू बसकण मारली.

पिवळ्या जाकिटाच्या बाई धावत आल्या. चंद्रहासरावांनी क्षीण आवाजात सुचवलं, "आत... जरा खुर्चीवर..."

"आत? मुळीच नाही!" बाई म्हणाल्या. "केंद्रात फक्त निरोगी माणसांना घेतात."

"पण अशक्त माणसं..."

"ती आधीपासून अशक्त असावी लागतात. तुमचं आत्ता सुरू झालंय. त्याला लक्षण म्हणतात."

'लक्षण' या शब्दासरशी पर्यटक दोनाचे चार मीटर झाले. चंद्रहासरावांनी आपण ठणठणीत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कीरननं सहानुभूतीनं बाईंना सांगितलं की गोंधळल्यासारखं बोलणं हेही एक लक्षणच आहे. अँब्युलन्स आली. तिच्या मागच्या काचेतून ऑपेरा हाऊसचा दर्शनी भाग लहान लहान होत गेला. चंद्रहासरावांनी त्या दिवशी आतून पाहिलेली एकमेव वास्तू म्हणजे हॉस्पिटलच्या पार्किंगमधला तंबू. तिथे त्यांच्या नाकात काडी घालण्यात आली, आणि काहीच न सापडल्यानं संध्याकाळी त्यांना सोडून देण्यात आलं.

इकडे सुहासिनीबाईंचा दंड टोचून झाला आणि त्यांना पाव तास निरीक्षणासाठी प्रेक्षागृहात, तिसऱ्या रांगेत बसवण्यात आलं. लाल मखमल, समोर मिटलेला पडदा, आणि एक खुर्ची सोडून एक अशी दंड चोळणारी माणसं. पाव तास झाला की ज्याचं त्याचं नाव पुकारत. माइक एकानं वापरायचा की अनेकांनी, याविषयी वाद होऊन माइक रद्द झाला होता. म्हणून मोठ्या आवाजाचा माणूस नेमला होता. तो त्याच ऑपेरा हाऊसच्या कोरसमधला गायक, दीड वर्ष घरी बसलेला. बंद सभागृहात गाण्याला मनाई होती. बोलायला परवानगी होती. बोलणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं, याबद्दल नियम गप्प होते.

त्यानं कागदावरचं नाव वाचलं. असं नाव त्याला दीड वर्षात मिळालं नव्हतं. त्यानं छाती भरून घेतली आणि "सु" खालच्या सुरात ठेवला, "हा" वर नेला, "सि" झुंबराला लावला, आणि "नी" तिन्ही सज्ज्यांवरून फिरवून इतका वेळ धरला की टोचणाऱ्या परिचारिका सुया हातात घेऊन थांबल्या. मग दंड दुखत असतानाही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुहासिनीबाई उठून उभ्या राहिल्या. लग्नात उखाण्याच्या वेळी सोडलं तर आपल्या नावासाठी कुणी थांबल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

संध्याकाळी गाडीत चंद्रहासराव म्हणाले, "काय काय होतं आत?"

"तुमचं डोकं कसं आहे?"

"ते जाऊ दे. छत कसलं होतं?"

"निळं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

रविवारी झूमवर चाळीस चौकोन जमले. चंद्रहासराव कोट घालून बसले. मागे जेवणाच्या टेबलाशी सुहासिनीबाई घेवडा मोडत होत्या. संगमरवरी जिना ते झोकात चढले. सज्जा झाला. झुंबराशी आले तेव्हा प्रल्हादरावांनी माइक उघडला.

"छताचा रंग कोणता हो?"

"निळा."

"आणि खुर्च्या?"

मागून आवाज आला, "लाल. मखमलीच्या."

"लाल, मखमलीच्या," चंद्रहासराव म्हणाले.

"गाणं काय झालं त्या दिवशी?"

"गाणं..." त्यांनी मागे पाहिलं. सुहासिनीबाई घेवड्याकडे बघत होत्या. त्या नुसत्या हसल्या. ते त्यांनी सांगितलं नाही.

"वहिनींना बरीच माहिती दिसते!" प्रल्हादराव म्हणाले. "गेला होतात वाटतं?"

"हो, इंजेक्शन घ्यायला," सुहासिनीबाई म्हणाल्या, आणि चाळीस चौकोन खळखळून हसले. वहिनी पहिल्यापासूनच विनोदी.

मग त्या परात बाजूला ठेवून कॅमेऱ्याजवळ आल्या. "प्रल्हादभावजी, एक विचारू? तिथे तिसऱ्या रांगेत माझा गुडघा पुढच्या खुर्चीला लागत होता. तुम्ही तर चांगले उंच. व्हिएन्नाला लागतो का हो?"

प्रल्हादरावांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांचं चित्र गोठलं. मग ते गेले. पुण्याच्या नेटवर्कला कधी काय होईल सांगता येत नाही.

सुहासिनीबाईंनी आस्थेनं दुसऱ्या चौकोनाकडे पाहिलं. "उल्हासराव, तुम्ही पॅरिसला गेला होतात ना?" उल्हासराव काळे झाले. मग जपानवाले गेले, इजिप्तवाले गेले, केरळवालेही गेले. शेवटी पडद्यावर चंद्रहासराव आणि त्यांच्यामागे घेवडा, एवढंच उरलं.

वाचकहो, हसताय ना? हसा. तुमच्या फोनमध्येही तो फोटो आहेच. मागे भव्य इमारत, पुढे तुम्ही, दोन बोटं वर. फार सुंदर आलाय. फक्त एवढंच सांगा, आत बसल्यावर गुडघा कुठे लागतो?

थांबा, थांबा. पान मिटू नका.