सासऱ्यांकडचं तापमान

साहेब सोफ्यावर टेकले आणि हॉलमधला एसी आपोआप अठ्ठावीसवर गेला. प्रोग्रॅमरने चटकन खिशातून फोन काढला. दिवे नि एसी फोनवरून चालवायची आपली करामत दाखवायला त्याने साहेबांना मुद्दाम संध्याकाळी घरी बोलावलं होतं. पसंत पडली तर नव्या टीमचा प्रमुख तो. नाहीतर शेजारच्या टेबलावरचा तो खुशालचेंडू.

त्याने घाईघाईने एसी वीसवर आणला. लगेच सासूबाईंचा फोन.

"जावईबापू, तुम्ही बसवलेलं ते यंत्र पिसाळलंय हो! यांचे दात वाजताहेत."

"बघतो, आई."

"बघताय काय? मी केलंय परत अठ्ठावीस."

इकडेही अठ्ठावीस. साहेबांनी टाय सैल केला.

आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सासऱ्यांकडे सगळं नव्याने लिहायचा त्याने कंटाळा केला होता. आपल्या घराच्या सेटिंगची नक्कल त्यांना दिली, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात दिला होता नुसता पत्ता. खोली एकच, दारं दोन. एकाने आत काही हलवलं की दुसऱ्याकडेही ते हललेलंच. याच चुकीसाठी तो ऑफिसात नवशिक्यांना चारचौघांत झापायचा.

"काही अडचण?" साहेबांनी विचारलं.

"छे छे! यंत्रणा हवामान ओळखतेय."

"खरं सांगून टाक ना," बायको दारातून कुजबुजली. "बाबांचा खोकला आत्ता कुठे उतरलाय."

"आणि टीम?"

"खड्ड्यात गेली टीम!"

सासऱ्यांचं दार तेवढं बंद करावं, म्हणून त्याने त्यांची सेटिंग पुसली. पुसली गेली अख्खी खोली. दिवे गेले, एसी बंद पडला.

"साहेब, चूक माझीच आहे," तो अंधारात रडवेल्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा. पलीकडच्या बाईंचा आवाज हॉलभर ऐकू येत होता.

"अहो, घरात अंधार झालाय! एसीही मघापासून वरखाली होत होता. परवा ऑफिसातल्या कुणाची तरी सेटिंग गुपचूप उचलून आणलीत ना, त्याचाच हा प्रताप!"

 फोनवर हात ठेवून साहेबांनी बारीक आवाजात विचारलं, "हिला काय सांगू रे?"

"सांगा, टीमप्रमुख बघतोय."

साहेबांनी मुकाट्याने तसंच सांगितलं.