बोलकं कुलूप आणि गार बोटं

केकवालीच्या दाराला कालच नवं कुलूप बसलं होतं. बोट टेकवलं की उघडणारं, वर तोंडानं बोलणारं. नवऱ्यानं ते हौसेनं आणलं होतं. नवरा विमा एजंट, त्यामुळे आपल्या घरावर कुठलं ना कुठलं संकट टपून बसलं आहे अशी त्याची पक्की समजूत होती. जुनं कुलूप त्यानं भंगारात दिलं. नव्याला नंबर टाकूनही उघडायची सोय होती, पण नंबर चोरीला जातो म्हणून ती त्यानं बंद करून टाकली. अडीअडचणीसाठी एक किल्ली मिळाली होती, तीही त्यानं सुरक्षित ठेवली. घरात, कपाटात.

सकाळी नवरा कामावर गेला. केकवालीनं केक ओव्हनमध्ये सरकवला. हा साधासुधा केक नव्हता. ती महिनाभर मागे लागल्यावर बाजारातल्या कॅफेवाल्यानं एक नमुना मागवला होता. आवडला तर रोजची ऑर्डर, नाहीतर पुन्हा ओळखीपाळखीतले वाढदिवस. दुपारच्या आत तो पोचायला हवा होता. केक फुगेपर्यंत कचरा टाकून यावा म्हणून ती पिशवी घेऊन खाली गेली. अंगात गाऊन, पायात सपाता, फोन ओट्यावर. मागे दार अदबीनं बंद झालं.

खाली वारा बोचरा होता. वर येईतो तिची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. हे तिचं जुनंच दुखणं. थंडी लागली की हातापायाच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडायच्या, बोटं आधी पांढरी, मग निळी व्हायची आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकायची. काळजीनंही तेच व्हायचं. डॉक्टरांनी त्याला रेनॉचा विकार असं नाव दिलं होतं. नवऱ्यानं त्याला ‘मनाचे खेळ’ असं नाव दिलं होतं, आणि घरात तेच जास्त चालायचं. बरणीचं झाकण उघडलं नाही, बटण लागलं नाही, फोननं बोट ओळखलं नाही, काही बिनसलं की खापर तिच्या बोटांवर. आता तर तीही आधी बोटांकडेच बघायची.

तिनं अंगठा कुलपावर टेकवला.

“ओळख पटली नाही,” कुलूप म्हणालं.

तिनं अंगठा गाउनवर चोळला, त्यावर फुंकर मारली आणि परत टेकवला. कुलूप आपल्या मतावर ठाम होतं. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग दुसरा हात. शेवटी कुलपानं असा काही भोंगा वाजवला की सगळा जिना दणाणला. “सुरक्षेसाठी दार बंद करण्यात आले आहे. काही वेळाने प्रयत्न करा.”

समोरच्या शिलाईवाल्या काकू गळ्यात टेप अडकवून बाहेर आल्या.

“काय गं, चोर आला?”

“चोर नाही काकू, मीच आहे. दार घेत नाहीये मला.”

“भांडलात?”

“अहो, कुलूप घेत नाहीये. बोटं गार पडलीत ना.”

काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि झटकन सोडला. “अगं बाई, बर्फ आहे नुसता. ये आत.”

गोम अशी होती, की आत जायचं तर बोटं गरम हवीत आणि बोटं गरम व्हायची तर आत जायला हवं. काकूंचं घर होतं म्हणून निभावलं. त्यांनी पातेल्यात कोमट पाणी दिलं. केकवाली हात बुडवून बसली. बोटं निळी झाली, मग लाल झाली, मग असं काही ठणकलं की डोळ्यांतून पाणी आलं. हात पुसून ती दाराकडे धावली. पण पाण्यात राहून बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या.

“ओळख पटली नाही.”

“मेल्याला आता कसली ओळख हवीय?” काकू म्हणाल्या.

इतक्यात दाराच्या फटीतून व्हॅनिलाचा वास आला. केकवालीला वासाची भाषा कळायची. हा वास सांगत होता की केक फुगलाय, अजून वेळ आहे, पण फार नाही. काळजीनं बोटं पुन्हा पांढरी पडायला लागली.

काकूंच्या फोनवरून तिनं नवऱ्याला फोन लावला. नंबर पाठ निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

“अहो, दार उघडत नाहीये. बोटं गार पडलीत.”

एरवी यावर मनाच्या खेळांवर एक व्याख्यान झालं असतं. आज पलीकडून नुसतं खाकरणं ऐकू आलं.

“तू राहू दे,” नवरा म्हणाला. “बोट लावू नकोस. मीच येतो.”

“अहो, पण तुमचा क्लायंट?”

“क्लायंट काय, कुठे पळून जातोय? आलोच मी.”

केकवालीला भरून आलं. बिचारा हातचं काम टाकून येतोय.

नवरा यायला वेळ होता. केक थांबणारा नव्हता. काकूंनी गरम पाण्याची रबरी पिशवी तिच्या हातात दिली, वर शाल गुंडाळली, आणि त्या अवतारात तिनं पुन्हा एकेक बोट लावून पाहिलं. या वेळी बोटं कोरडी होती, गरम होती, गुलाबी होती. डॉक्टरांनीसुद्धा पाठ थोपटली असती.

“ओळख पटली नाही.” आणि भोंगा.

तिनं दाराला डोकं टेकलं. “माझीच बोटं फुटकी, काकू.”

वास बदलला. आता त्यात खरपूस साखर आली होती. यानंतर जो वास येतो तो तिला चांगलाच ठाऊक होता, आणि तो कॅफेवाल्याला नको होता. ती रडकुंडीला आली.

काकू इतका वेळ विचार करत होत्या. “का गं, तुझा तो ओव्हन विजेवर चालतो ना?”

“हो.”

“मग मेन स्विच जिन्याखाली आहे की.”

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग केकवाली त्या सपातांनिशी अशी जिना उतरली, की तिसऱ्या पायरीवर एक सपात मागेच राहिली. खटका खाली पडला, ओव्हन विझला. कुलूप मात्र बॅटरीवरचं, ते जागंच राहिलं. केक करपण्यातून वाचला. पण गरम ओव्हनमध्ये फार वेळ राहिला असता तर वाळून खडखडीत झाला असता. दार उघडायलाच हवं होतं.

नवरा धापा टाकत आला. स्कूटरवर हातमोजे घालणं त्याला थेर वाटायचं. “बाजूला हो,” असं म्हणून त्यानं ऐटीत उजवा अंगठा टेकवला.

“ओळख पटली नाही.”

त्यानं अंगठा पँटवर घासला, फुंकला, परत लावला. कुलपानं दोघांना सारखाच न्याय दिला.

“हवेत आज गारठा जरा जास्तच आहे,” तो म्हणाला.

“मनाचे खेळ आहेत हो,” केकवाली म्हणाली.

तिनं रबरी पिशवी त्याच्या हातात दिली. तो उजवा अंगठा शेकू लागला.

“डावा लावून बघा,” काकू म्हणाल्या. “तो आल्यापासून खिशात आहे, गरम असेल.”

“डावा नको.”

“का नको?”

“नको म्हणजे, उजवाच बरा.”

“अहो, केक वाळतोय आत,” केकवाली म्हणाली. “रोजची ऑर्डर जाईल माझी. लावा डावा.”

नवऱ्यानं जिन्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि फाशीच्या दोरीला हात लावावा तसा डावा अंगठा कुलपावर ठेवला. दार लगेच उघडलं.

“बायको, स्वागत आहे,” कुलूप गोड आवाजात म्हणालं.

काकूंच्या गळ्यातली टेप तेवढी हलत होती.

“हे कोणाला म्हणालं?” केकवालीनं विचारलं.

“काल तुझं बोट घेतच नव्हतं ते,” नवरा खाली बघत म्हणाला. “मेकॅनिक घाईत. म्हणाला, दोन माणसं तरी नोंदवा. तू कंटाळून चहा टाकायला आत गेलीस. मग तुझ्या नावावर मी माझाच डावा अंगठा दिला. म्हटलं, उद्या ऊन पडलं की तुझं घेऊ. तुला नुसतं ‘झालं’ म्हणालो, खरं सांगायचं राहून गेलं.”

म्हणजे सकाळपासून तिनं हात उकळत्या तेलात बुडवले असते, तरी हे दार उघडणार नव्हतं. केकवालीनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. लालबुंद, ठणकणारी, बिनदोष बोटं. इतकी वर्षं जो तो यांच्यावर ढकलत आला, आणि तीही मान डोलवत आली. तिला राग आला, आणि रागाच्या वर हायसं वाटलं. तिनं हात हळूच छातीशी धरले.

मग ती ओव्हनकडे धावली. बंद ओव्हनच्या मुरत्या आचेत केक असा काही जमला होता, की तिला स्वतःलाही पुन्हा जमवता आला नसता. नवरा केकचा डबा मांडीवर धरून, काकूंनी दिलेले लोकरीचे हातमोजे घालून, निमूटपणे रिक्षातून कॅफेत पोचवून आला. कॅफेवाल्यानं ऑर्डर दिली. केक इतका मऊ कसा ठेवता, असंही विचारलं. नवऱ्यानं सांगितलं की ते बायकोच्या बोटांचं कसब आहे.

दुसऱ्या दिवशी, ऊन पडल्यावर, मेकॅनिक येऊन केकवालीची बोटं व्यवस्थित नोंदवून गेला. अडीअडचणीची किल्ली आता काकूंच्या सुईच्या डबीत असते. नवऱ्याचा उजवा अंगठा मात्र यादीतून काढून टाकायला तिनं सांगितलं. डावा राहू दिला, नावासकट.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की समोर काकू मशीन थांबवतात. तो इकडे तिकडे बघतो, हातमोजा काढतो, अंगठा टेकवतो, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं घरात स्वागत होतं.